गुरुवारचे मुर्तुझाभाई

मुर्तुझाभाईंचे थोरले भाऊ, बडेभाई, मला कधी फोन करत नसत. त्यामुळे ओपीडीच्या ऐन गर्दीत त्यांचं नाव मोबाइलवर दिसलं तेव्हा वाटलं, दर्ग्यात एखादा पेशंट बिघडला असणार आणि मुर्तुझाभाईंचे हात गुंतलेले असणार. समोरच्या बाईंना थांबायची खूण करून मी फोन घेतला. "डॉक्टरसाहेब, मुर्तुझा गेला," बडेभाई म्हणाले. मी विचारलं, "कुठं गेले?" पलीकडे नुसता वारा, आणि लांबून कुणीतरी शेळ्या हाकत असल्याचा आवाज. मृत्यूची बातमी नातेवाइकांना कशी द्यायची हे मी शिकलेय, नव्या डॉक्टरांना शिकवलंही आहे. ती घ्यायची कशी, ते मात्र मला येत नव्हतं. बडेभाईंना तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.

बीडहून पालीचा रस्ता तो कितीसा. पण त्या दिवशी गाडी चालवताना माझ्यातली डॉक्टर एका गोष्टीला चिकटून बसली होती. हा हृदयाचाच झटका, आणि सकाळपासून दुखत असणार. छातीवर दाब, घाम, जड झालेला डावा हात... मुर्तुझाभाईंना ही लक्षणं माझ्याइतकीच पाठ होती. मी हाकेच्या अंतरावर होते. मग मला फोन का केला नाही? आयुष्यभर दुसऱ्यांना "दुखतंय ते बोला" म्हणून सांगणारा माणूस स्वतःची वेळ आली तेव्हा गप्प का बसला? त्यांचा चाळिसावाही होऊन गेला, तरी तो प्रश्न मला नीट बसू देत नव्हता. हे लिहायला घेतलं तेव्हाही मी कितीदा तरी उठले, उगाच खिडकीपाशी जाऊन आले.

मुर्तुझा मुजावर हे नाव बीडबाहेर फार कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. मी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे गोळ्या लिहून देणारी. ते मानसशास्त्र शिकलेले, बोलून उपचार करणारे. पंधरा-सोळा वर्षं माझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ते बसले. उंच, किंचित वाकलेले, बोलताना सारखे चष्म्याच्या काड्यांशी खेळणारे. स्वतः कधी एका जागी स्थिर नसत, पण पेशंट समोर आला की अंगातली सगळी चुळबुळ कुठे जायची कोण जाणे. पेशंट बाहेर गेला की पुन्हा येरझारा सुरू. मी म्हणायचे, "मुर्तुझाभाई, तुम्हालाच एखादी गोळी देऊ का?" त्यावर ते हसून म्हणत, "ताई, माझी बेचैनी काढून घेतलीत तर मी ऐकणार कशानं?"

पालीच्या पुढे, बिंदुसरा तलावाच्या वरच्या अंगाला एका टेकडीवर छोटासा दर्गा आहे. त्याची सेवा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याकडे. वडलांच्या मागे ती गादी थोरल्या भावाकडे, म्हणजे बडेभाईंकडे आली. अंगात येतं, झपाटलं, झोप उडाली, सून बोलायची थांबली, अशा तक्रारी घेऊन सगळ्या जातिधर्मांची माणसं गुरुवारी तिथे येतात. आमच्या सिरसाळ्याच्या घरातलीही गेलेली आहेत. धाकटा मुर्तुझा मात्र कॉलेजच्या वयात तिथून निघाला तो पुण्याला जाऊन मानसशास्त्र शिकून आला, आणि बीडला राहूनही ईद सोडली तर टेकडी चढेना.

त्याचं कारण त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. ते पाच-सहा वर्षांचे असताना धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर अम्मींना काहीतरी झालं. झोप नाही, अखंड बडबड, तान्ह्या पोरीला ओळखेनात, उठून तलावाकडे चालू लागत. आज अशी बाई माझ्यापुढे आली तर बाळंतपणानंतरचा आजार म्हणून मी लगेच उपचार सुरू करीन. त्यांच्या अब्बांनी अम्मींच्या पायात साखळी घालून त्यांना दर्ग्याच्या ओवरीत ठेवलं. काही आठवड्यांनी त्या बऱ्या झाल्या. अब्बा म्हणाले, दर्ग्यातल्या बाबांची कृपा. बडेभाईही तेच धरून बसले. मुर्तुझाभाईंच्या कानात मात्र फरशीवरून घासत जाणारी साखळी राहिली. "ताई, मला अजून कुणाच्या पैंजणाचा आवाज सहन होत न्हाई," ते म्हणाले होते. बहिणीच्या लग्नातही ते मांडवाबाहेरच उभे होते म्हणे.

गंमत अशी की दर्ग्यावर राग असलेल्या या माणसाच्या पिशवीत कायम सूफी पंथावरची उर्दू पुस्तकं असत. दुपारच्या चहाला आमचं भांडण ठरलेलं. ते म्हणायचे, "पीर आपल्या मुरीदाची, चेल्याची स्वप्नं ऐकतो, त्याच्या मनातला मत्सर त्याला दाखवतो, त्याला एकांतात बसवतो, त्याचं रडणं थांबवत न्हाई. तुमच्या थेरपीच्या पुस्तकात दुसरं काय हाय? फक्त खुर्च्या जास्त." मी मान्य करायला लागले की ते स्वतःच उलटत. "पण न्हाई, ताई. सूफी सांगतो, तुझा 'मी' मिटव. माझ्याकडं येणाऱ्याचा 'मी' आधीच फुटलेला असतो. त्याला काय मिटवायला सांगू? आधी त्याला तो जोडून तर द्यायला पायजे." मग कप खाली ठेवून दारापर्यंत जात, परत येत. "आणि पीरापुढं माणूस वाकतो. माझ्यापुढं वाकला तर मी नापास. मग हे दोन एक कसे?" मी म्हणायचे, नसतील एक. ते त्यांना पटायचं नाही, आणि एक आहेत हेही पटायचं नाही. उत्तर मिळत नाही म्हणून चिडणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. मुर्तुझाभाई उत्तर मिळालं की चिडायचे.

अम्मींचे गुडघे आणि झोप दाखवायला ते मला एकदा घरी घेऊन गेले. दर्ग्याच्या उताराला त्यांचं घर. अम्मी ओट्यावर चिंचा फोडत बसल्या होत्या. मी तपासलं, गोळ्या सांगितल्या. बोलता बोलता कसा कोण जाणे विषय निघाला आणि मुर्तुझाभाईंनी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं.

"अम्मी, ती साखळी... तुला आठवती का?"

"कावून न्हाई आठवणार?" अम्मींचा हात थांबला नाही. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला. "लई जड हुती. ह्या पायाला हुती. दुसरं टोक तुज्या अब्बाच्या पायात."

मुर्तुझाभाई ओट्याची पायरी चढत होते ते तिथेच थांबले.

"अब्बांच्या?"

"मंग! मी पळाले तर त्येबी फरफटत येणार. मी उठले का त्येबी उठायचे. मी बोलत राहायचे, त्ये जिक्र करत राहायचे. कुलपाची किल्ली बडेच्या गळ्यात घातली हुती. म्हणाले, आमी दोघंबी मागितली तरी द्यायची न्हाई."

जिक्र म्हणजे श्वासाच्या लयीवर अल्लाचं नाव घेत राहणं. बडेभाई दारात उभे राहून ऐकत होते. मुर्तुझाभाई त्यांच्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं? आणि मला कधी सांगितलं न्हाईस?"

"तू विचारलं कवा?" बडेभाई म्हणाले.

परतीच्या वाटेवर मला वाटलं, आता हा माणूस निवळेल. कसलं काय. गाडीत ते नुसते धुमसत होते. "साखळी ती साखळीच, ताई. अम्मीनं मागितली नव्हती ती." थोड्या वेळानं म्हणाले, "पण मी माझ्या पेशंटबरोबर स्वतःला इतकं बांधून घेतलंय का कधी?" खरं सांगायचं तर मलाही त्या गोष्टीचं काय करायचं ते कळत नव्हतं. वैद्यकीयदृष्ट्या ते चूक होतं. आणि तरीही इतक्या जवळ कुणी कुणाच्या आजारात राहिलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

पुढच्या गुरुवारी मुर्तुझाभाई टेकडी चढले. भावाभावांत अटी ठरल्या. बडेभाईंनी कुणालाही बांधायचं नाही. मुर्तुझाभाईंनी दुआ मागणाऱ्याला हसायचं नाही. ओवरीला लागून एक खोली होती, उरुसाची मोठी भांडी ठेवायची. ती रिकामी करून दिली. आलेल्या माणसानं आधी मजारीपुढे, बाबांच्या कबरीपुढे बसावं, बडेभाईंची दुआ घ्यावी, मग या खोलीत यावं, आणि गरज असेल त्याला खोलीतून माझ्याकडे पाठवावं, अशी रीत पडली. पहिल्या दिवशी खोलीत कुणी फिरकलंच नाही. मुर्तुझाभाई दिवसभर भिंतीला टेकून बसले आणि संध्याकाळी फोनवर मला म्हणाले, "आज एक शेळी आली होती. तिला बरं वाटलं."

हळूहळू माणसं आली. त्यांतला दत्ता मला विसरता येत नाही. पालीच्या बाजूचा मेंढपाळ, तिशीच्या आतबाहेरचा. त्याला आवाज ऐकू येत. मेलेला थोरला भाऊ विहिरीतून हाका मारतो म्हणायचा. घरच्यांनी आधी सगळीकडे फिरवून शेवटी दर्ग्यात आणलं. मुर्तुझाभाईंनी त्याला माझ्याकडे आणलं, मी औषध सुरू केलं. आवाज मंद झाले, पण दत्ता कुणाशी बोलेना. दर गुरुवारी यायचा, जिक्रला मागे बसायचा, नुसता श्वास घ्यायचा-सोडायचा, मग खोलीत येऊन गप्प. किती तरी गुरुवार असे गेल्यावर एक दिवस तो आपणहून बोलला. भाऊ विहिरीत पडला तेव्हा दत्ता काठावर होता. पोहता येत नव्हतं म्हणून उडी मारली नाही. ते ऐकून मुर्तुझाभाई मला म्हणाले, "ताई, गोळीनं त्याचे कान मोकळे केले आणि जिक्रनं श्वास. मग तो बोलला. यातलं माझं काय?" मी म्हटलं, "तुम्ही होतात ना तिथं." ते म्हणाले, "तेवढं तर भिंतपण होती."

दत्ता मेंढरं घेऊन पुन्हा रानात जायला लागला. आणि इथे घोळ झाला. एका गुरुवारी भरल्या दर्ग्यात बडेभाईंनी त्याला पुढं उभं केलं आणि म्हणाले, बघा, बाबांनी याला बरं केलं. मनात खोट नव्हती, त्यांना तसंच वाटत होतं. पण दत्तानं ते ऐकलं, आणि बाबांनीच बरं केलंय तर गोळ्या कशाला म्हणून बंद केल्या. घरच्यांनाही पटलं. मुर्तुझाभाईंना कळलं तेव्हा ते भावावर इतके ओरडले की मजारीपुढची माणसं उठून बाहेर आली. "तुला करामत पायजे का माणूस?" बडेभाई म्हणाले, "तुला तर दोन्हीबी स्वतःच्या नावावर पायजेत." त्यानंतर मुर्तुझाभाईंनी टेकडी सोडली. दत्ताच्या घरी ते खेपा घालत राहिले, पण दत्ता रानात निघून जायचा.

मग एका सकाळी दत्ता बिंदुसरा तलावाच्या सांडव्यावर जाऊन बसला. खाली खोल पाणी, पाय बाहेर सोडलेले. भाऊ बोलावतोय, या वेळी मी जाणार, असं म्हणत होता. कुणी जवळ गेलं की पुढे सरकायचा. मुर्तुझाभाईंचा फोन आला आणि मी पोचले, पण मला पाहून तो बिथरेल म्हणून लांबच थांबले. दवाखान्याच्या सुईची त्याला धास्ती होती. मुर्तुझाभाई आधीच तिथे होते. त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून, तसेच पाय सोडून बसलेले. त्यांनाही पोहता येत नव्हतं, हे मला त्या क्षणी आठवलं. ते काहीतरी बोलत होते, दत्ता मान हलवत होता. काही वेळानं मागून बडेभाई आले. भावाशी बोलणं बंद होतं, तरी कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. ते दत्ताच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि हलक्या आवाजात जिक्र सुरू केला. मुर्तुझाभाई बोलायचे थांबले. मला वाटलं, आता इथेही भांडतात की काय...

मग मला दिसलं की मुर्तुझाभाईंचे खांदे बडेभाईंच्या श्वासाबरोबर वरखाली होतायत. ओठ हलतायत. मधे दत्ता. कितीतरी वेळ हे चाललं. खबर मिळून आलेला हवालदारसुद्धा टोपी काढून उभा राहिला. शेवटी दत्तानं आधी एक पाय आत घेतला, मग दुसरा. "माझा भाऊ गप झाला," तो म्हणाला. दोघांनी त्याचे हात धरले, आणि तो स्वतः चालत माझ्या गाडीत येऊन बसला.

त्याला दाखल करून झाल्यावर मुर्तुझाभाई दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसले होते. "ताई, मी तिथं थेरपिस्ट म्हणून बसलो होतो का अब्बांचा पोरगा म्हणून?" मी म्हटलं, तो उतरला ना, झालं तर मग. ते एकदम भडकले. "झालं कसं? मला कळायला पायजे! उद्या दुसरा कुणी असा बसला तर मी काय करू? बोलू, का श्वास घेऊ?" त्या प्रश्नानं त्यांची पुढची सगळी वर्षं खाल्ली. मात्र पुढच्या गुरुवारी ते परत खोलीत जाऊन बसले. आणि बडेभाईंनी त्या दिवसापासून दुआ संपली की गादीवरूनच सांगायला सुरुवात केली, "बाबांचा हुकूम हाय, डॉक्टरची गोळी बंद करायची न्हाई." मुर्तुझाभाई मला म्हणाले होते, "बाबांच्या नावावर खोटं बोलतोय बडे. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खोट्याला आमीन म्हणतोय." दत्ता आजही गोळ्या घेतो. मयतीला तो मेंढरं सोडून आला होता, खांदा द्यायला सगळ्यांत पुढे.

मुर्तुझाभाई गेले तो गुरुवारच होता. बडेभाईंनी मला नंतर सांगितलं ते एवढंच. दुपारपर्यंत त्यांनी माणसं पाहिली, शेवटची बाई गेल्यावर पाणी मागितलं, म्हणाले थोडं पडतो, आणि चटईवर कलंडले. अम्मींनी मला जवळ बसवून विचारलं, "तुला काय बोलला का गं तो?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझा हात सोडला नाही, पण पुढे काही विचारलंही नाही. 'तू डॉक्टर, मंग तुला कसं कळलं न्हाई?' असं त्या कधीतरी म्हणतील याची मी इतके दिवस वाट पाहतेय असं मला वाटतं.

मागच्या गुरुवारी मी पहिल्यांदाच टेकडीवर एकटी गेले. खोली बंद ठेवू नका, मी येत जाईन, असं मी बडेभाईंना कळवलं होतं. आत तीच चटई, पाण्याचा माठ, आणि चुन्याची भिंत. मुर्तुझाभाई कधी कुणाच्या समोर बसत नसत, बाजूला बसत, दोघांची पाठ एकाच भिंतीला. त्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन काळपट, तेलकट डाग पडले आहेत. दाराकडचा डाग पसरट, कितीतरी डोकी टेकून टेकून झालेला. आतल्या बाजूचा एकच, गोल, उंचावर. त्याखाली मी बसले तर तो माझ्या डोक्याच्या वीतभर वर राहिला.

माणसं येऊन गेली. मी माझ्या सवयीनं झोप, भूक, औषध विचारत राहिले. शेवटी दारात बडेभाई आले. वाटलं, चहाचं विचारायला आले असतील. पण त्यांनी चपला काढल्या, आत आले, आणि दाराकडच्या डागाखाली, पेशंटच्या जागेवर बसले. गादीवर बसणारा तो माणूस तिथे कसा बसायचं ते न कळून पाय घेत-सोडत राहिला.

"इथं काय बोलायचं असतं?" त्यांनी विचारलं.

मी हातातले केसपेपर बाजूला ठेवले.

"त्यानं मला सांगितलं हुतं," ते म्हणाले. "सकाळीच. आल्या आल्या. म्हणला, भाई, छातीत लई दुखायलंय." ते उघड्या दाराकडे बघत होते. "मी दुआ पढली असती तरी चाललं असतं, डॉक्टरसाहेब. मी म्हणलं, पित्त असंल. सोडा पी."

म्हणजे ते बोलले होते. मी इतके आठवडे ज्या गप्प माणसावर रागावत होते, तो गप्प नव्हताच. आणि पाठोपाठ डॉक्टरचं सगळं बोलणं माझ्या तोंडाशी आलं, की तुमचा दोष नाही, कुणालाही पित्तच वाटलं असतं, अनेकदा डॉक्टरही फसतात. सगळं खरं. मी तोंड उघडलंही होतं... पण बडेभाईंचं अजून संपलेलं नव्हतं. त्यांचा श्वास अडकत होता, सुटत होता, पुन्हा अडकत होता. मी तोंड मिटलं, पाठ भिंतीला लावली आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले.